आमच्या कथांमधले चिनी शेजारी

इथे जपानमध्ये, आमच्या कावासाकीत, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा हे ठरलेलं असतं आणि तो वेळेवर उचललाही जातो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते घरातच साठतात! आमचं पाच जणांचं मराठी लेखन मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी वॉर्डाच्या हॉलमधली खोली घेऊन आम्ही एकमेकांच्या कथा ऐकतो आणि चहा पितो.

यंदा त्याच हॉलमध्ये परदेशी रहिवाशांचं कथावाचन ठरलं. विषय ‘शेजारी’. वाचायचं जपानीत, ऐकायला सगळ्या देशांची माणसं. आता आम्हा पाचांच्याही शेजारी, बिल्डिंगमध्ये नाहीतर कामावर, कोणी ना कोणी चिनी माणूस होतंच. त्यामुळे पाचही कथांत चिनी पात्रं आली आणि तिथून धमाल सुरू झाली.

*

निखिल पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याच्या कथेत चेन नावाचा, बारा वर्षं ज्युनियरच राहिलेला, थंडपणे हसणारा चिनी प्रोग्रॅमर मराठी हिरोचा कोड चोरतो.

"अरे, तुझ्या शेजारच्या डेस्कवरचे लिऊ-सान तर देवमाणूस आहेत! तुझी मुलगी झाली तेव्हा सगळे फॉर्म त्यांनीच भरून दिले ना?" मी विचारलं.

"हो, पण हिरो मराठी आहे. मग व्हिलन कोणाला करू? जपानी केला आणि बॉस ऐकायला आला तर? माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय!"

आधी लिऊ-सानना विचार, अशी आम्ही त्याला तंबी दिली. सोमवारी लंचला त्याने भीत भीत गोष्ट सांगितली. लिऊ-साननी ती नूडल्स खात शांतपणे ऐकली.

"व्हिलन चालेल," ते म्हणाले. "पण बारा वर्षं नोकरी करून तो अजून ज्युनियरच? निदान मॅनेजर तरी कर!"

*

सुलभाताई आमच्यात ज्येष्ठ. पंचवीस वर्षं योकोहामात आहेत, त्यामुळे त्यांना कोणी सहसा उलट बोलत नाही. त्यांच्या कथेतली लिन पहाटे उठते, अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही आणि सणाच्या दिवशी सासूला वाकून नमस्कार करते.

"ताई, तुमची ही लिन नक्की चिनी आहे ना?" निखिलने विचारलं.

"म्हणजे काय! शांघायची आहे."

"मग ती वाकून नमस्कार कशी करते?"

ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "चांगल्या घरची आहे!"

मी पोट धरधरून हसले.

*

गौरी शाकाहारी, ठाण्याची. तिच्या कथेत चीनमधल्या एका खेड्यात सगळं कुटुंब नववर्षाला जमतं आणि आजी प्रेमाने नातवंडांसाठी परंपरागत पदार्थ करते. कोबी मांचुरियन!

तो पदार्थ आपल्याकडचा आहे हे आम्ही सांगून थकलो. शेवटी ती तडक योकोहामाच्या चायनाटाउनमध्ये गेली आणि एका म्हाताऱ्या आचाऱ्याला गाठून तिने सगळी कृती ऐकवली. कोबी किसायचा, गोळे तळायचे, सोया सॉसमध्ये घोळवायचे. आचाऱ्याने वही काढून सगळं बारकाईने लिहून घेतलं.

"भारतीय जेवण इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं," तो खूश होऊन म्हणाला.

*

केतकी क्योतोला पीएचडी करते, म्हणून मंडळात व्हिडिओ कॉलवर येते. तिचा विषयच मुळी ‘साहित्यातलं परक्या माणसांचं चित्रण’. आमच्या कथा ऐकून ती डोक्याला हात लावून बसली होती. तिच्या कथेतल्या चिनी माणसाला नाव नाही, चेहरा नाही. तो काही खात नाही, काही बोलत नाही. नऊ पानं तो बसस्टॉपवर उभा आहे!

"मला त्याच्यावर कुठलाही ठरीव शिक्का मारायचा नाहीये," तिने समजावलं.

"ते बरोबर आहे गं," सुलभाताई कळवळून म्हणाल्या, "पण मला आता त्या माणसाची काळजी वाटायला लागलीय. काहीतरी खायला तरी दे त्याला!"

"मांचुरियन सोडून!" निखिल ओरडला.

*

राहिले मी. मी सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत जेवणाचे डबे भरायची पार्ट-टाइम नोकरी करते. माझ्या शेजारी मेई-सान उभी असते. चार वर्षांत तिचं तोंड बंद झालेलं मी पाहिलेलं नाही. जपानात मराठी माणसं सोडली तर माझी म्हणावी अशी ती एकच मैत्रीण, आणि माझी कथा तिच्यावर होती. वाचनाला ती येणारच होती. तिला वाईट वाटलं तर गोष्ट फाडता येईल, पण मैत्रीण कुठून आणायची? म्हणून आदल्या दिवशी ब्रेकमध्ये मी ती तिला आधीच वाचून दाखवली.

कथेतली चिनी बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात येते. भाषा येत नाही, दिवसभर घरात एकटी. पार्सलवाला आला की ती सही अगदी हळूहळू करते, तेवढाच वेळ समोर कोणी माणूस असतं. रोज भात लावून ती कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाट बघते, आणि इथला विजेचा कुकर भात झाला की गाणं वाजवतो.

मेई-सानने शेवटपर्यंत ऐकून हातातला चहा खाली ठेवला.

"मी नवऱ्याच्या मागून नाही आले," ती म्हणाली. "मी आधी आले, तो माझ्या मागून आला. आणि एकटी कुठली? माझी बहीण खालच्याच मजल्यावर राहते. आणि शिट्ट्या कसल्या? भाताला शिट्टी कशाला हवी?"

"कथेत थोडं बदलावं लागतं गं. रागावलीस?"

"रागावू कशाला?" तिने ॲप्रनच्या खिशातून टिश्यूचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. "पण ही बाई मी आहे ना? मग रडतेयस तू का?"