अकरा नंबरचा चिमटा

आमच्या व्याह्यांनी मला आजवर जितके धक्के दिले तितके विजेनंसुद्धा दिलेले नाहीत, आणि मी दोनदा विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीला चिकटलेला माणूस आहे. विजेचं एक बरं असतं, ती एकदा फेकून देते आणि मोकळं करते. व्याही मोकळं करत नाहीत. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तिसरीत दोन वर्षं काढून, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण सांगतो ते खरं सांगतो. कोऱ्हाळ्यात माझ्या शब्दाला काय वजन आहे ते कुणालाही विचारा.

व्याही अंथुर्ण्याचे. सगळा जन्म त्यांनी पाण्याच्या जळालेल्या मोटरींत नवी तांब्याची तार भरून देण्यात घालवला. मोटर दुकानात आली की आधी तिचा वास घ्यायचे आणि मालकाला सांगायचे, ही तू कोरडी चालवलीस. मालक शपथा घ्यायचा. हे म्हणायचे, "माणूस खोटं बोलतंय, तांबं बोलत न्हाय." लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, हे टेस्टर लावतात. आमच्या पोराचं लग्न जुळायच्या आधी त्यांच्याकडची मंडळी घर बघायला आली. बाकीच्यांनी ऊस बघितला, गोठा बघितला, विहिरीत डोकावलं. हे थेट भिंतीवरच्या बोर्डापाशी गेले, टेस्टर लावला आणि दहा माणसांत मला म्हणाले, "हितं अर्थिंगच न्हाय, पाव्हणं. माझी लेक हितं वल्या हातानं बटान दाबणार व्हय?" मी पोराचा बाप. पोराच्या बापाला असं कुणी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याच अंगणात, माझ्याच पहारीनं खड्डा काढला, त्यात मीठ आणि कोळसा घातला, तार पुरली, हात धुतले आणि म्हणाले, "हां, आता बोला लग्नाचं."

लग्नातही तीच तऱ्हा. मंगलाष्टकं चालू, अक्षता उडतायत, आणि पोरीचा बाप मांडवात नाही. शोधाशोध झाली. हे मांडवामागं जनरेटरला कान लावून बसलेले. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणतात, "आवाज बरुबर येत न्हाय त्याचा." मी तिथंच ठरवलं की या माणसाशी बोलणं कामापुरतं. त्यात मोबाईल आले आणि व्याह्यांनी तब्येतीची चौकशी करणंच सोडलं. भेटले की पहिला प्रश्न, "टक्के किती?" पन्नासाच्या खाली सांगितलं तर तोंड असं करायचे की जणू आपल्याला ताप भरलाय.

त्यांची मंडळी, म्हणजे आमच्या विहीणबाई, बारामतीच्या एका मोठ्या दवाखान्यात वारल्या. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला बोल नको. वारल्याचा निरोप आम्हाला व्याह्यांकडून आला नाही. मोरगावच्या एका सोयऱ्यानं फोन केला आणि मला म्हणाला, तुम्हाला माहीत असंलच. मला माहीत नव्हतं. घरात त्यांची लेक, आमची सूनबाई, तिलाही माझ्याच तोंडून कळलं. पोराच्या बापाला तिसऱ्या माणसाकडून कळावं, ही गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी राहिली. दहाव्याला मी मुद्दाम उशिरा गेलो आणि न जेवता परत आलो. पुढं तीन वर्षं मी अंथुर्ण्याच्या वाटेला गेलो नाही, आणि का गेलो नाही ते कुणाला सांगितलंही नाही. ज्याचं त्याला कळायला पाहिजे, असा माझा स्वभाव.

मग एक दिवस माझा मेहुणा पारावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तात्या, तुमचं व्याही इहीणबाई गेल्या त्या दवाखान्यात मोबाईल राखायला बसत्यात म्हणं." लोक हसले. मी उठलो. दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायच्या निमित्तानं बारामती गाठली, त्याच दवाखान्यात गेलो, आणि खांबाआडून बघत राहिलो. जिन्याखाली बाकडं. बाकड्यावर व्याही. मागं भिंतीला एक लांब फळी, तिला बारा पिनांची जागा, आणि प्रत्येक जागेखाली जुन्या सदऱ्याच्या कापडाची पिशवी लोंबतेय. पिशवीत मोबाईल. पेशंटचे, पेशंटच्या माणसांचे, सिस्टरांचे, झाडूवाल्या मावशींचे, सगळे एकाच रांगेत. आणि चिमटे. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर रंगानं नंबर. एका नंबराचे दोन. एक चिमटा मोबाईलच्या वायरीला, जोडीचा दुसरा माणसाच्या छातीला. अख्ख्या दवाखान्यात माणसं छातीला चिमटे लावून हिंडत होती आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. एक मोठे डॉक्टर आले, त्यांच्याही पांढऱ्या कोटाला सात नंबर. "आबा, झाला का माझा?" व्याह्यांनी पिशवीत डोकावून सांगितलं, "चौसष्ट झालाय, सायेब. कामाचा फोन असंल तर न्या. नुसतं बघत बसायचं असंल तर ऱ्हाऊ द्या." डॉक्टर हसले आणि मोबाईल तसाच ठेवून गेले. या माणसाला कुणी पगार देत नाही, हा कुणाकडून चहासुद्धा घेत नाही, आणि डॉक्टर त्याचं ऐकतात. माझं डोकं चालेना.

वॉचमननं मला मागची हकीकत सांगितली. पूर्वी वॉर्डात मोबाईल लावायला जागाच नव्हती. एका बहाद्दरानं चक्क खाटेजवळच्या औषध सोडायच्या यंत्राची पिन काढून आपला मोबाईल लावला. वेळेत दिसलं म्हणून बरं. ते कानावर आलं आणि हे आबा फळी खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या साहेबांच्या दारात बसले, परवानगी मिळेपर्यंत उठले नाहीत. मी व्याह्यांना न भेटताच मागच्या दारानं निघालो. घरी येऊन सूनबाईला एवढंच म्हणालो, "तुझ्या वडलांना सांग, शेतीवाडीवाल्या माणसाच्या व्याह्यानं जिन्याखाली बसू न्हाय." ती भाकरी थापत राहिली.

पुढं आमची कारभारीण पोट धरून आडवी झाली. पोरानं गाडीत घालून त्याच दवाखान्यात नेलं. तिला दुसऱ्या मजल्यावर आयसीयूत ठेवलं आणि दार बंद झालं. सिस्टरनं माझा नंबर कागदावर लिहून घेतला आणि बजावलं, "आजोबा, इथं बसायचं नाही. खाली थांबा आणि फोन चालू ठेवा. कधीही बोलवू." दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगा रक्ताची पिशवी आणायला गेला, सूनबाई घरी नातवंडांपाशी, आणि खाली मी एकटा. मोबाईलमध्ये नऊ टक्के. पोराचा जुना मोबाईल तो, सारखा भुकेलेला. करणार काय, गेलो जिन्याखाली.

व्याही उठून उभे राहिले. "द्या पाव्हणं. इहीणबाईचं कसं हाय?" मी म्हणालो, हाय तसंच. त्यांनी मोबाईल हातात घेतला, अकरा नंबरचा चिमटा वायरीला लावला आणि जोडीचा घेऊन माझ्या छातीकडं आले. मी मागं सरलो.

"ह्यो कशाला?"

"ज्याच्या छातीला अकरा, त्याचा फोन अकरा. वरनं फोन आला तर मी उचलतो आन् त्यो माणूस हुडकून काढतो. चिमट्याबिगर हुडकू कसं?"

"तुमी मला वळखत न्हाय व्हय?"

"वळखतो की. पर डॉक्टरलाबी वळखतो, त्याला लावलाय. मागं दोन फोन बदली झालं, तवापासनं नेम केलाय."

भोवती पाच-सहा बायाबापड्या बघत होत्या. मी पोराचा बाप, आणि पोरीच्या बापानं मला चारचौघांत चिमटा लावायचा. मी वायर उपसली, मोबाईल खिशात घातला आणि म्हणालो, "तुमचा करंट तुमाला लखलाभ." बाहेर गाड्या लावायच्या जागेपलीकडं एक कडुलिंब आहे, त्याखाली जाऊन बसलो. नऊचे चार झाले, चाराचा एक झाला. मग मोबाईलनं एकदा थरथर केली आणि काळा झाला. मी त्या काळ्या काचेत माझंच तोंड बघत बसलो होतो, तरी उठलो नाही. असा मी.

किती वेळ गेला कळलं नाही. पायरीवरून कुणीतरी पळत येताना दिसलं. सत्तरीचा माणूस, पायात चप्पल नाही, हातात टेस्टर तसाच. फळी सोडून व्याही कधी उठत नाहीत, पाण्यालासुद्धा नाहीत, हे मला वॉचमननंच सांगितलं होतं. ते फळी उघडी टाकून आले होते. "उठा पाव्हणं. आतडं फाटलंय. आपरेशनला सही पायजे. सिस्टरनं धा येळा फोन लावला तुमाला, मग मला लावला. मी दोनदा आख्खा दवाखाना पालथा घातला." त्यांनी मला काखेत हात घालून उठवलं आणि दोन मजले चढवलं. मी सही एकेक अक्षर जुळवून करतो. त्या दिवशी अक्षरं जुळेनात. सिस्टर म्हणाली, "आजोबा, आणखी थोडा उशीर झाला असता तर," आणि कागद घेऊन आत पळाली.

ऑपरेशन चालू असताना आम्ही दोघं जिन्याखाली बसलो. व्याह्यांनी न विचारता माझ्या खिशातून मोबाईल काढला, पिशवीत ठेवला, आणि अकरा नंबरचा चिमटा माझ्या सदऱ्याला लावला. मी हललो नाही. मग मी तीन वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. म्हणालो, "इहीणबाई गेल्या तवा तुमी आमाला कळवलं न्हाय."

ते पिशव्यांकडं बघत बोलले. "ती शुद्धीवर हुती तवा. म्हणली, लेकीला फोन लावून द्या. आन् फोन बंद. मी चारजर घिऊन चारी मजलं फिरलो, पिन लावायला जागा न्हाय. शेवटी भायेर च्यावाल्यानं लावू दिला. वर आलो तवर तिचं बोलणं ऱ्हायलं हुतं." मग एक पिशवी सारखी करत, "लोकाला कुणी कुणी कळवलं मला म्हाईत न्हाय, पाव्हणं. मला काय सुदरतच न्हवतं."

मला दोनदा मोटरीनं धरलंय, पण असं कधी धरलं नव्हतं. मी तीन वर्षं ज्याला अपमान समजत होतो तो एक बंद पडलेला मोबाईल होता. आणि सूनबाई भाकरी थापत गप्प का राहिली होती, तेही मला तेव्हा कळलं. माफी मागायची मला सवय नाही. मी नुसता त्या चिमट्यावर हात ठेवून बसलो.

कारभारीण वाचली. आता दिवसाला दोनदा मला बोल लावते, म्हणजे तब्येत चांगली आहे. आणि दवाखान्यात आता प्रत्येक खाटेपाशी मोबाईल लावायची सोय झाली, सिस्टरांच्या खोलीतही झाली. ज्या दिवशी ती चालू झाली त्या दिवशी व्याह्यांनी टेस्टर घेऊन चारी मजले तपासले, दोन जागा बंद निघाल्या त्या बसून नीट करून घेतल्या, आणि मग फळी खांद्यावर टाकून अंथुर्ण्याला गेले. साहेबांनी हारतुरे करायचं म्हटलं तर म्हणाले, "हार कशाला, अर्थिंग तेवढं बघत जावा." तेव्हापासून ते घरीच असतात. सूनबाई सांगते, दिवसभर ओसरीवर बसून चिमटे पुसतात.

मी कुणाला 'या' म्हणणारा माणूस नाही. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा माझा मोबाईल चार्ज व्हायचा बंद होतो. मी फोन करून तसं सांगतो. फोन बंद पडला असेल तर हा फोन कशावरून केला, असं ते विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येतात, काखेत फळी. आधी माझ्या छातीला अकरा नंबर लावतात, मग मोबाईल घेतात. बोर्डाला टेस्टर लावून दिवा पेटलेला बघतात, माझ्याकडं बघतात, आणि गंभीर तोंडानं म्हणतात, "अवघड हाय, पाव्हणं. दोन दीस बघावं लागंल." कारभारीण आत दोन भाकरी जास्त टाकते. आम्ही ओसरीवर बसतो, उसाचं बोलतो, पावसाचं बोलतो, कधी विहीणबाईंचं बोलतो. मोबाईल कधीच शंभर टक्के झालेला असतो. त्याच्याकडं आम्ही दोघंही बघत नाही.