विहिरीतली बाभूळ

जोतीरामतात्यांच्या विहिरीत सात वर्षं एक बाभूळ निजली होती. उन्हं डोक्यावर आली की पाण्यात खोल कुठेतरी लांबट सावली हलल्यासारखी वाटायची. ती खरंच दिसायची की दिसावीशी वाटायची, कोण जाणे.

तात्या आमच्या शेजारच्या रानातले. विट्याच्या अलीकडे आमची वस्ती. सकाळी दोन एकरांतलं काम, दुपारी रंधा. त्यांच्या अंगाला भुशाचा आणि कडब्याचा वास एकत्रच यायचा. वस्तीवरचा प्रत्येक पाळणा त्यांनी केलेला. मीही त्यातल्याच एकात झोपले.

ही बाभूळ त्यांच्या बांधावरची. त्यांची बायको, चंद्राकाकू, खुरपायला जायची तेव्हा तिच्या फांदीला तान्ह्या शिवतेजची झोळी बांधायची. शिवतेज मोठा झाला, दूर मदुराईला सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात गेला, आणि एका वळवात झाड पडलं. काकू आडव्या बुंध्याशी नुसती बसून राहिली. तात्या म्हणाले, "ऊठ आता. हिचा झोपाळा करतो तुला."

ओलं लाकूड पुढे तडकू नये म्हणून तात्या ते विहिरीत बुडवून ठेवत. चैत्रात विहीर आटली की मुरलेलं लाकूड वर काढायचं, ही त्यांची जन्माची रीत. त्यांनी ओंडक्याला दोरांनी दगड बांधले आणि तो पाण्यात सोडला. पण त्याच वर्षी कालव्याला योजनेचं पाणी आलं, आणि विहीर आटायचं विसरूनच गेली.

"आवं, कवा बसायचं मी झोपाळ्यावर?" काकू विचारायची.

"विहीर आटंल तवा."

"आन न्हाई आटली तर?"

"मग तर लय झ्याक. मिरची लावू."

मोटार लावून विहीर उपसा, असं कुणी सुचवलं की तात्यांचा चेहरा पडायचा. "पाणी ओढ्याला सोडू? दुसरं काय बी सांगा." सुताराची अडचण शेतकऱ्याला कधी सोडवता आली नाही.

लाकूड बुडवलं त्याच सुमारास काकूचा मसाला वाटायचा पाटा परसातून नाहीसा झाला. तिचा वहीम माझ्या आईवर. दोघींनी दोन वर्षं एकमेकींच्या दारात पाऊल टाकलं नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण काकूचे टोमणे राहिलेच. तात्या मधे पडत नसत. "पाट्याला पाय फुटलं असतील," एवढंच म्हणून रंधा ओढत राहायचे. विट्याहून नवा पाटा मात्र त्यांनीच आणला.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मिरचीला पाणी लावून तात्या ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. झोपाळ्यासाठी आणलेल्या पितळी कड्या सोप्यात खुंटीला तशाच राहिल्या.

या चैत्रात दुरुस्तीसाठी कालवा बंद झाला. रानं करपू लागली. शिवतेज गावी आला.

"आई, सागवानी झोपाळा आणतो. तयार मिळतो."

"मला सागवानी नगं."

काकू रोज विहिरीवर जाऊन उभी राहायची. पाणी उतरलेलं पाहून वाईट वाटून घ्यावं की बरं, हे तिला ठरवता येत नसावं. उरलेलं पाणी मिरचीला द्यावंच लागलं, आणि तळाच्या गाळात काळी पाठ दिसली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओंडका वर आला. निथळत, एवढा काळा की जणू नुकता कुठल्या दुसऱ्या जगातून उठून आलाय.

काकूने गाळ पुसायला हात लावला आणि थांबली. बाकीचे दोर कुजले होते, पण एका बाजूला तात्यांनी तार आवळली होती. तारेत पाटा होता. तिचाच, एक कोपरा उडालेला.

तिने त्या उडालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग बांधावर उभ्या असलेल्या माझ्या आईकडे वळली.

"या, वहिनी. चोर घावला."

आणि तात्या गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली, पदर तोंडावर धरून, डोळे वाहेपर्यंत.

ओंडका आता सावलीत वाळतोय. फळी निघायला अजून चार महिने आहेत. काकू रोज दुपारी त्याच्यावरच बसते, पाय किंचित हलवत.