दुसऱ्या गटातल्या वन्सं

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर ती कॅन्सरच्या रुग्णांना योग शिकवायची आणि त्याने झोप सुधारते का, याचं संशोधनही करायची. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले होते. पहिल्या गटाला लगेच शिकवायचं, दुसऱ्याला तीन महिन्यांनी. रुग्णांत तिची नणंदही होती, ती नेमकी दुसऱ्या गटात गेली.

वन्सं तिच्याच घरी राहायच्या. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "वहिनी, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तो श्वासाचा प्रकार मला दाखवा ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, वन्सं. तुम्हाला आधी शिकवलं तर दोन गटांची तुलनाच बिघडेल. तीन महिने कळ काढा."

"बरं बाई, माझ्यापेक्षा त्या संशोधनाच्या तक्त्यांनाच जपा," म्हणत वन्सं हसल्या. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

अडीच महिन्यांत दुखणं फुप्फुसात उतरलं. तेव्हा नियम गुंडाळून ती त्यांच्या उशाशी बसली. "माझ्याबरोबर श्वास हळूच सोडा." दुसऱ्याच श्वासाला वन्संना धाप लागली.

"राहू द्या, वहिनी. आता नाही जमायचं."

आठवड्याभरात त्या गेल्या.

वर्षअखेर आकडे हाती आले. दोन्ही गटांच्या झोपेत सांगण्यासारखा फरक नव्हता.

"म्हणजे तू शिकवलं असतंस तरी काही उपयोग झाला नसता," नवरा समजूत घालत म्हणाला.

"नसेल झाला. पण त्यांनी तोंड उघडून मागितलं होतं रे."

अहवाल तिने होता तसा पाठवला. वर्ग मात्र दुसऱ्या शिक्षिकेकडे सोपवून टाकला.