आक्काच्या मांडीतला रॉड

माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं ते लिफ्टमधून बाहेर पडताना. शेत होतं तेव्हा ती विहिरीच्या काठावरून, ओल्या बांधावरून, बैलांच्या पायांतून वावरली आणि तिला कधी खरचटलंही नाही. त्याच शेतावर ताथवड्यातली सगळ्यात उंच इमारत उभी राहिली, आणि लिफ्ट फरशीच्या दोन बोटं खाली थांबली.

डॉक्टर म्हणाले, हाडात रॉड घालावा लागेल आणि तो लवकर घातलेला बरा; या वयात माणूस अंथरुणाला खिळला की हाड बाजूला राहतं आणि छाती भरते. आक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. तिच्या दोन्ही मुलांना, माझ्या भाच्यांना, वाटलं, ती भ्याली. त्यांनी तिला आधी देवाचं, मग नातवंडांचं आणि शेवटी इन्शुरन्सचं सांगून पाहिलं. मग मला बोलावलं. मी कॉलेजात शिकवत होतो, आणि शिकवणाऱ्याचं लोक ऐकतात असा आमच्या घरात अजून समज आहे.

मला तिने कारण सांगितलं. दाजींच्या मांडीतही रॉड होता, चाकणला कंपनीत जाताना गाडीवरून पडले तेव्हाचा. ते गेल्यावर आम्ही सावडायला गेलो, तर राखेत तो काळा पडून तसाच्या तसा. अस्थी नदीत सोडायच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. रॉडचं काय करायचं ते गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि ‘आपल्याकडे रीत असेल तसं’ म्हणाले. शेवटी थोरल्या भाच्याने तो पिशवीत घालून घरी आणला. काही दिवस जिन्याखाली होता, मग दिसेनासा झाला. आमच्या या कारखान्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या पट्ट्यात नको असलेलं लोखंड कुठे जातं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

“कुठं टाकला म्हणून इचारलं, तर दोघं एकमेकाच्या तोंडाकडं बघाया लागली,” आक्का म्हणाली. “माझं तसं नगं. मला पुरती जाऊ दे.”

तोडगाही तिनेच काढून ठेवला होता. माझी मुलगी संशोधन करते. दह्यात जे आम्ल तयार होतं त्याच जातीच्या आम्लापासून एक प्लास्टिक बनतं. त्याची ती सायीसारखी पातळ पट्टी तयार करते. पट्टी वाकवली किंवा दाबली की तिच्यात किंचित वीज निर्माण होते. हाडावर भार पडला की हाडातही अशीच वीज निर्माण होते, आणि हाड भरून यायला ती मदत करते असं म्हणतात. मुलीची पट्टी तेच काम शरीरात राहून करणार आणि काम झालं की विरघळून जाणार. पुन्हा कापाकापी नको, मागे काही उरायला नको.

तिच्या कॉलेजने या पट्टीचा सोहळा केला होता. पट्टी नखाएवढी आणि तिच्यामागचा फ्लेक्स दोन मजली. आक्का नवी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. प्रमुख पाहुण्यांनी पट्टी दाबली, मीटरचा काटा हलला, टाळ्या झाल्या. मग त्यांनी जाहीर केलं की लवकरच दवाखान्यांतून लोखंड हद्दपार होईल. त्यांना तो विषय त्याच दिवशी सकाळी कळला होता. मी शेजाऱ्याकडे बघून हसलो. आक्का हसली नाही, तिने ते मनात ठेवलं.

आता ती म्हणत होती की भाचीची पट्टी घाला, मी तयार आहे. मी म्हणालो, अगं, तो पाहुणा काहीही बोलला. त्यावर तिने मला विचारलं की एवढी शाल घातलेला माणूस खोटं कशाला बोलेल. याला माझ्याकडे उत्तर होतं, पण दवाखान्यात देण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी लॅबमधून थेट आली. आत्याचा हात हातात घेऊन तिने खरं ते सांगितलं. पट्टी अजून उंदरांपलीकडे गेलेली नाही. ती हाडाला भरायला मदत करील, पण माणसाचं वजन पेलणार नाही. ते आज तरी रॉडलाच जमतं. माणसांपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, ते तिलाही माहीत नाही. मोठ्या परिषदांमध्ये न अडखळणारी मुलगी त्या कॉटपाशी दोनदा थांबली.

आक्काने तिच्या केसांवरून हात फिरवला. जेवलीस का विचारलं. मग भिंतीकडे तोंड केलं, आणि मला वाटलं, संपलं.

“आत्या, रॉड घालू दे,” मुलगी म्हणाली. “पुढे कधी उरलाच, तर मी घेऊन येईन.”

“बाया न्हाई जात सावडायला.”

“मी जाईन.”

आक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.

“आन् करशील काय त्याचं?”

“माझ्या टेबलावर ठेवीन. वजन पेलणारं, विरघळणारं काहीतरी तयार होईपर्यंत.”

“आन् न्हाईच झालं तर?”

“तर माझ्यामागून जी कुणी येईल तिच्या टेबलावर. पण भंगारात नाही.”

बाहेर बाकावर दोन्ही भाचे बसले होते. त्यांना आतलं ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी मोबाइल खाली ठेवले होते. मग आक्काने पदर सारखा केला आणि मला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. मी दारापर्यंत गेलो, तोच तिने हाक मारली.

“त्याला म्हणावं, चांगल्यातला घाल. पोरीच्या टेबलावर ऱ्हायचाय.”