उद्घाटनासाठी धुतलेली टाकी

नगरपालिकेच्या सांडपाणी प्रकल्पावर मी ऑपरेटर होतो. आजही कुणी फीत कापताना दिसलं की माझं डोकं फिरतं.

गाव वाढलं तशी जुनी टाकी पुरेना, निम्मी घाण तशीच नाल्यात जायची. म्हणून शेजारी दुप्पट मोठी टाकी बांधली आणि सगळं सांडपाणी तिच्यात वळवलं. पण नुसत्या सिमेंटनं पाणी शुद्ध होत नसतं. घाण खाणारे जिवाणू टाकीत वाढवावे लागतात. मी महिनाभर गोठ्यागोठ्यांतून शेण आणून कालवलं, गूळ सोडला, हवेची यंत्रं चालू ठेवली. हळूहळू पाणी तपकिरी झालं, दुर्गंधी जाऊन मातीसारखा वास यायला लागला. मी रोज येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून ते दाखवायचो.

खाली नाल्याकाठी माझ्या थोरल्या भावाचं शेत. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची कटकट कायमची मिटली, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते. गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली तेव्हा त्यांतला एकही फिरकला नाही. भावानं पऱ्हाटी उपटली.

"वांगे लावू का बे? नाल्याचं पाणी चालंल?" त्यानं मला विचारलं.

"बिनधास्त लाव, भाऊ. मी हाओ ना तिथं."

माझ्या शब्दावर त्यानं सगळ्या रानात रोपं लावली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब पाहणीला आले. टाकीत डोकावले आणि नाकाला रुमाल लावला. "हे गढूळ पाणी पाहुण्यांना दाखवणार? टाकी उपसा, धुऊन काढा, टँकरचं पाणी भरा."

पाहुणे यायचे म्हटलं की आधी धुणं-पुसणं, ही आपली रीत. पण म्हणून कुणी विरजण ओतून देऊन भांडं घासतं का?

"साहेब, ह्या गाळातच जिवाणू आहेत. ते गेले तर महिनाभर घाण जशीच्या तशी वाहील."

"मला शिकवू नका. उद्या फोटो निघणार आहेत."

मी येणारं सांडपाणी थेट नाल्यात वळवलं आणि टाकीचा वॉल्व्ह उघडला. महिन्याभराची मेहनत नाल्यात गेली. दुसऱ्या दिवशी पाहुणे वाकून म्हणाले, "वा, तळ दिसतोय!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी शेतावर गेलो. आदल्या दिवशी नाल्यावरची भावाची मोटर चालूच होती. कोवळ्या रोपांवर गाळाचा थर बसून उन्हानं सडला होता आणि नाल्यातून आता गावाची कच्ची घाण येत होती. भाऊ एकेक पान बोटानं पुसत बसला होता. मी साहेबाला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या.

"त्याचं जाऊ दे बे, त्याले काय समजते," तो म्हणाला. "तुले तं मालूम होतं ना? मोटर बंद कर, एवढा एक फोन नाही करता आला मले?"

त्या दिवशी फोन खिशातच होता. मी दिवसभर टाकीच्या भिंती ब्रशनं घासत होतो.