ठिणगी आणि अर्धवट राहिलेली कादंबरी

कारखान्यात त्याला सगळे ठिणगी म्हणत. एक तर तो वेल्डर, आणि दुसरं म्हणजे त्याला पेटायला वेळ लागत नसे. हे नाव त्यालाही आवडत असावं, कारण जेवणाच्या डब्यावर त्याने ते खिळ्याने कोरून घेतलं होतं. लोखंडी फाटकं, जिने, टाक्यांचे सांगाडे अशी कामं तो करायचा, आणि आपण जोडलेला सांधा दुसऱ्या कुणी ठोकून बघितलेला त्याला खपत नसे. अशा माणसाला स्वतःच्याच तान्ह्या लेकीचा हेवा वाटतो, हे कारखान्यात कळलं असतं तर डब्यावरचं नाव बदलावं लागलं असतं.

हेव्याचं कारण होतं एक कादंबरी.

दिवसभर काचेआडून तो निळा लखलखाट बघून संध्याकाळी त्याचे डोळे चुरचुरायचे. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायची. म्हणून लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायको त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागली. वर्तमानपत्रावरून ती गोष्टींवर आली, गोष्टींवरून जाडजूड कादंबऱ्यांवर. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर लावून लावून पिचलेल्या बाईला छापील पान म्हणजे सुट्टीच. जेवणं आटोपली की ठिणगी खिडकीखालच्या भिंतीला टेकून पाय पसरायचा, डोळे मिटायचा, आणि ती वाचायची. म्हातारा बोलला की खोकायची, फौजदार बोलला की नाकातून बोलायची. मधेच पाणी प्यायला थांबली की हा डोळे न उघडता म्हणायचा, "हं, पुढे." एरवी कुणाचं ऐकून न घेणारा हा गडी तेवढा वेळ निमूट ऐकायचा. खुणेसाठी त्याने कारखान्यातून पत्र्याची एक पट्टी कापून आणली होती, आणि पान फाटू नये म्हणून तिच्या कडा कानशीने घासून अगदी गुळगुळीत केल्या होत्या.

शेवटची कादंबरी दोन नावाडी भावांची होती. थोरला एका संध्याकाळी पलीकडच्या काठाला गेला तो आलाच नाही. नाव तेवढी वाहत परत आली, रिकामी, आणि आत कंदील जळत होता. नेमकी इथे बायकोने वाचता वाचता पोटावर हात दाबला. ठिणगीने पट्टी आत सारली, पुस्तक मिटलं आणि गाडी आणायला धावला. पहाटे मुलगी झाली. गुटगुटीत होती, म्हणून तिला सगळे ढब्बू म्हणायला लागले. थोरला नावाडी तेव्हापासून बेपत्ता होता.

ढब्बूला पहिली लस टोचायला नेलं, त्या दिवशी तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, "हिला वाचून दाखवता की नाही?"

ठिणगीला हसू आलं. "बाई, अजून मान धरत नाही ती."

"मान नसेल धरत, ऐकते तर आहे ना? पोटात असल्यापासून ऐकतेय. आजपासूनच सुरू करा. शब्द नाही कळले तरी आवाज कळतो. कुणीतरी आपल्याशी बोलतंय हे तिला कळू दे, शब्द मागून येतात आपोआप. शाळेत घालेपर्यंत थांबाल तर फार उशीर होईल."

बायकोने मान डोलावली, आणि परतीच्या वाटेवरच पुठ्ठ्याच्या पानांचं एक बदकाचं पुस्तक घेतलं.

झालं. ठिणगीच्या संध्याकाळींवर बदक येऊन बसलं. बदक आलं. बदक पाण्यात गेलं. बदकाला बेडूक भेटला. आणि बेडकाला बायकोने फौजदाराचा आवाज दिला. तो नाकातला आवाज तिने ठिणगीसाठी काढला होता, त्यासाठी दोन दिवस घरात सराव केला होता, आणि आता तो एका बेडकाला, फुकटात! भिंतीला टेकलेल्या ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, तिला काय कळतंय?" तो म्हणाला. "त्यापेक्षा भिंतीला वाचून दाखव."

"भिंत हसत नाही," बायको म्हणाली.

ढब्बू हसायची, तेच तर दुखणं होतं. बेडकाला हसायची, आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची, हातपाय झाडायची. ठिणगीकडे मात्र दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं बघायची. तो सकाळी निघायचा तेव्हा ती झोपलेली, परत यायचा तेव्हा बदकात गुंतलेली. आणि बदक संपलं की मायलेकी दोघी तिथेच झोपायच्या, पुस्तक बायकोच्या छातीवर उघडंच. भांडी विसळताना ठिणगी मुद्दाम आवाज करायचा. कुणी उठायचं नाही.

मग त्याने स्वतःच का नाही वाचलं? डोळ्यांची सबब होती, पण सुट्टीच्या दिवशी डोळे ठणठणीत असायचे. खरी गोष्ट अशी की, नावाड्याचं काय झालं ते त्याला नुसतं कळायला नको होतं, ते बायकोच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मागायचं कसं? लेकीच्या वाट्यातलं काढून मला दे, असं कुठला बाप म्हणेल? तो आतल्या आत जळत राहिला आणि कारखान्यात मिस्त्रींवर खेकसत राहिला.

एका रविवारी दुपारी फळीचा खिळा ठोकायला त्याने वरची पुस्तकं खाली काढली. कादंबरी हातात आली. सहज बघितलं, तर पट्टी तिच्या जागेवर नव्हती. पुढे होती. थोडीथोडकी नाही, पार शेवटाजवळ. कंदील जळत असलेली नाव शंभरेक पानं मागे पडली होती.

त्याच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. पुस्तक घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. ढब्बूला कडेवर घेऊन बायको कांदा परतत होती.

"हे कुणी वाचलं?"

तिने वळून बघितलं. "मी. दुपारी हिला पाजताना वाचते मोठ्याने. बदकाचा कंटाळा आला हो मला. नर्सबाई म्हणाल्या होत्याच, काहीही वाचा, पण मोठ्याने वाचा."

"मी नसताना? आपलं पुस्तक?"

"तुम्हीच म्हणालात ना, तिला काय कळतंय. मग ती थोडीच सांगणार आहे तुम्हाला पुढचं?"

"म्हणजे हिला माहितेय नावाड्याचं काय झालं, आणि मला नाही." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं, पण शब्द निघून गेला होता. बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"आज संध्याकाळी तू मला तिथून वाचून दाखव," तो म्हणाला.

"मी वाचलंय ते एकदा. आणि घसा बघा माझा, सकाळपासून बसलाय." तिने ढब्बूला त्याच्या हातात दिलं. "तुम्ही वाचा. मोठ्याने. ऐकणारी आहे ना समोर."

ठिणगी चिडूनच बाहेर आला, चिडूनच खुर्चीवर बसला, लेकीला मांडीवर टेकवलं आणि कंदिलाचं पान काढलं. शाळा सुटल्यापासून तो मोठ्याने वाचत नव्हता. पहिली ओळ अडखळत गेली, दुसरी घाईत. त्याचा आवाज यंत्रांवरून ओरडून ओरडून जाड झालेला. ढब्बूने मान वर केली. आता रडणार, असं त्याला वाटलं. ती रडली नाही. त्याच्या हलणाऱ्या मिशीकडे ती बघत राहिली, आणि फौजदार आला तेव्हा ठिणगीला नाकातून काही जमेना, म्हणून त्याने मिस्त्रींचा आवाज काढला. ढब्बू खुदकन हसली. त्याने ते वाक्य परत वाचलं. ती परत हसली.

आतला झाऱ्याचा आवाज थांबला. गॅस बंद झाला. पदराला हात पुसत बायको बाहेर आली आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसली. त्याच्या जागेवर. पाय पसरले, डोळे मिटले.

"तुला तर सगळं माहितेय," तो म्हणाला.

"माहितेय." डोळे मिटलेलेच होते. "पण मला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. ना आईने, ना बाबांनी. तुम्ही इथे असे पाय पसरून बसायचात ना, मी वाचायचे, आणि तुमचा इतका हेवा वाटायचा."

ठिणगीने पुस्तक खाली करून तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं तो डोळे मिटून बसत आला होता. वाचणारीच्या तोंडाकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं. ढब्बूने पत्र्याची पट्टी मुठीत धरून तोंडाकडे नेली. त्याने ती हळूच सोडवली आणि खिशात टाकली.

भिंतीकडून आवाज आला, "हं, पुढे."

त्याने पान उलटलं.