गाड्यांचा कोंडवाडा

स्कूटरपुढे कडबा टाकणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका आम्हाला घरमालक म्हणून लाभला. तलमडुगूकडे या घरमालक काकांच्या गावात मोकाट गुरांचा कोंडवाडा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे. पुढे जिल्ह्याच्या शहरालगत मावल्यात खोल्या बांधून त्यांनी आम्हा नोकरदारांना भाड्याने दिल्या, पण कायदा तोच ठेवला. फाटकात आडवी लावलेली गाडी म्हणजे मोकाट जनावर. चाकाला बैलाची साखळी, साखळीला कुलूप, किल्ली करगोट्याला. कोंडलेलं जनावर उपाशी ठेवलं तर पाप लागतं, म्हणून पुढ्यात कडब्याची पेंडी आणि पाण्याची बादली. गाडीच्या मालकाने सगळ्यांसमक्ष "माझं जनावर भटकलं" असं कबूल केल्याशिवाय सुटका नाही. एकदा तहसीलचे एक साहेब अडकले आणि तावातावाने हिंदी झाडू लागले. काका शांतपणे म्हणाले, "पयले वळख पटवा. जनावर तुमचंच हाय कशावरून?" साहेबांनी निमूट कबुली दिली.

आम्ही हसायचो, पण बेताने. आतल्या खोलीत काकू अंथरुणाला खिळलेल्या, दम कधी लागेल नेम नाही. "दवाखान्याची गाडी दारापर्यंत आली पायजे," एवढंच काकांचं म्हणणं. फाटकासाठी त्यांचा जीव तुटायचा तो यासाठी.

मग जिल्ह्याचे चार तुकडे झाले. कचेऱ्यांतली माणसं निर्मलला, आसिफाबादला पांगली. आज याचं सामान निघायचं, उद्या त्याचं. अशाच एका भाडेकरूचा ट्रक फाटकात आडवा लागला. काकांनी रिवाजाप्रमाणे साखळी घातली. घरचा कडबा संपला होता, म्हणून तो आणायला ते शेजारच्या शेतावर गेले. मागे काकूंना दम लागला. अँब्युलन्स आली आणि रस्त्यावरच थांबली. ट्रकचा ड्रायव्हर हजर होता, पण चाकाला साखळी होती आणि किल्ली काकांच्या कमरेला. ट्रक आणि फाटकामधल्या फटीतून काकूंची बाज निघेना. शेवटी आम्ही ती भिंतीवरून उचलून पलीकडे दिली. तेवढ्यात समोरून काका आले, डोक्यावर पेंडी. काकू दवाखान्यापर्यंत पोचल्या नाहीत.

पुढे माझीही बदली झाली. मध्यंतरी गेलो तेव्हा सगळ्या खोल्यांना कुलपं होती आणि फाटक सताड उघडं. मी मुद्दाम मोटरसायकल फाटकात आडवी लावली. काकांनी एकदा खच्चून ओरडावं, एवढीच इच्छा होती. ते बाहेर आले, गाडीभोवती फिरले आणि सवयीने चाकापुढे पाण्याची बादली ठेवली.

"काका, साखळी नाही घालत?"

"काऊन?" ते म्हणाले. "राहू दे आडवी. आता इथून कोणाले न्यायचं हाय?"